कोळशाच्या प्रदेशाचा उदय आणि अस्त
(वर्धा खोऱ्याच्या इतिहासाच्या आधारे एक पाठ)

प्राथमिक शाळेच्या भूगोलात खनिजसंपत्तीचा पाठ येतो. बहुतेक शाळांत तो नकाशावरील खुणा दाखवून आणि गावांची नावे पाठ करून घेऊन संपतो. ‘महाराष्ट्रात दगडी कोळसा कोठे सापडतो?’ असा प्रश्न विचारावा आणि ‘चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांत’ असे उत्तर यावे, एवढ्यावर आपले समाधान होते. उत्तर बरोबर असते. परंतु त्यात माणूस कोठेच नसतो. खाण निघाली तेव्हा तेथे कोण आले, कोणाची शेते गेली, कोणाची चूल पेटली आणि खाण संपली तेव्हा मागे काय उरले, हे मुलांस कळले नाही तर खनिजाचा पाठ अर्धाच राहतो.

राधानगरी तालुक्यातील शिक्षकांस येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे दाट जंगल आहे, धरण आहे, जांभ्या दगडाचे सडे आहेत. कोळशाची खाण मात्र आसपास नाही. मग हा विषय इतक्या विस्ताराने कशासाठी? त्याची कारणे दोन. शाळेत लागणारा विजेचा दिवा काही अंशी त्याच कोळशावर जळतो, हे पहिले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या सड्यांच्या पोटातही एक खनिज आहे आणि त्यासाठी आपल्या तालुक्यात उत्खनन झालेले आहे. जमिनीतील धन उकरून काढणाऱ्या प्रदेशाचे पुढे काय होते, हे दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकण्याची संधी आपणांस आहे. ती दवडू नये.

कोळसा आपल्याकडे का नाही?

सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी आजच्या विदर्भाच्या पूर्व भागात विस्तीर्ण दलदली होत्या. त्यांत वाढलेली झाडे पडत, पाण्याखाली जात आणि त्यांवर गाळाचे थर बसत. हवेचा संपर्क तुटल्यामुळे ते लाकूड व पाने पूर्ण कुजली नाहीत. वरच्या थरांच्या दाबाने व पृथ्वीच्या उष्णतेने त्यांतील पाणी व वायू निघून गेले आणि कार्बनचे प्रमाण वाढत गेले. अशा रीतीने झाडांचा कोळसा झाला. त्या काळच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे कोळशाबरोबरच्या खडकांत आजही सापडतात.

या खडकांच्या समूहास भूशास्त्रात ‘गोंडवन’ असे नाव आहे. ते आपल्याच देशातील गोंड लोकांच्या मुलखावरून पडले आहे. पुढे शास्त्रज्ञांनी दक्षिण गोलार्धातील एका प्राचीन महाखंडासही हेच नाव दिले. गोंड राजांची एक राजधानी चंद्रपूर येथे होती. जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत आढळणारे हे नाव आपल्या राज्यातील एका जमातीशी निगडित आहे, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

आता आपल्या बाजूचा विचार करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात प्रचंड प्रमाणावर लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसून बेसाल्टचे पठार तयार झाले. सह्याद्रीचे काळे कडे म्हणजे तोच थिजलेला लाव्हा होय. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात जेथे बेसाल्ट विरळ होतो, तेथे खालून वर डोकावणारे खडक कोळशाच्या थरांहून कितीतरी अधिक प्राचीन आहेत. कोळसा बनण्याजोगी झाडेच पृथ्वीवर नव्हती त्या काळचे ते आहेत. म्हणून आपल्याकडे कोळसा नाही. मात्र बेसाल्टवर युगानुयुगे मुसळधार पाऊस पडला. त्याने दगडातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि माथ्यावर लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे उरली. त्यापासून जांभा झाला, आणि काही ठिकाणी बॉक्साइट झाले. विदर्भास दलदलीने कोळसा दिला, तर आपणांस पावसाने बॉक्साइट दिले.

वरोरा : पहिला उदय आणि पहिला अस्त

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून नागपूरकडे आगगाडी धावू लागली. वाफेच्या इंजिनास कोळसा हवा असे, आणि तो बंगालमधून किंवा विलायतेहून आणणे खर्चाचे पडे. त्यामुळे मध्य प्रांतात कोळसा मिळतो का, याचा शोध सुरू झाला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील खडक व जीवाश्म गोळा करून त्यांचा अभ्यास आरंभिला होता. पुढे भूशास्त्र खात्याचे ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राची पाहणी करून १८७७ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्यापूर्वीच त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे सरकारने खाण काढली होती. १८७० नंतरच्या दशकात तीतून कोळसा निघू लागला, आणि तो वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सरकारी रेल्वे टाकण्यात आली. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात आता खाणकाम, मजुरांची वस्ती, गोदामे आणि रेल्वेचे शेवटचे स्थानक अशा नव्या गोष्टी आल्या. शेतीच्या हंगामापलीकडे रोख मजुरी मिळण्याची सोय झाली. खाणप्रदेशाच्या उदयाचे सर्वत्र असेच चित्र दिसते. प्रथम शोध, मागून रेल्वे, रेल्वेमागून मजूर आणि मजुरांमागून बाजार.

ही भरभराट किती वर्षे टिकली? सुमारे साडेतीन दशके. १९०६ च्या सुमारास वरोऱ्याची सरकारी खाण बंद झाली. जो मुलगा खाण निघाली तेव्हा पहिल्या इयत्तेत बसला असेल, त्याचे केस पिकण्यापूर्वी खाण संपली. राज्ये येतात आणि जातात त्यास शतके लागतात. खाणीचे राज्य एका पिढीत आटोपू शकते. वर्गात सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे.

मात्र कोळसा संपला तरी रेल्वे गेली नाही. तो फाटा पुढे बल्लारपूरपर्यंत वाढला आणि १९२९ साली बल्लारशाह व काझीपेठ यांमधील मार्ग पुरा झाल्यावर दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या महामार्गाचा तो एक दुवा बनला. कोळशासाठी घातलेले रूळ आज उत्तर आणि दक्षिण भारत जोडतात. खाण संपल्यावर जे उरते त्याचे मूल्य खाणीपेक्षा अधिक ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वरोऱ्याच्या इतिहासास आणखी एक उत्तरार्ध आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या ओसाड, खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकविली, हातमाग व इतर उद्योग चालविले. आनंदवनाचा खाणीशी संबंध नाही. परंतु एकाच गावाच्या परिसरातील या दोन प्रयत्नांची तुलना बोधप्रद आहे. एका ठिकाणी जमिनीतून फक्त काढून घेतले गेले आणि पस्तीस वर्षांत काम आटोपले. दुसऱ्या ठिकाणी जमिनीत श्रम घातले गेले, आणि ती जमीन सत्तर वर्षांनंतरही फळ देत आहे.

बल्लारपूर ते वणी : दुसरा उदय

वरोरा संपले म्हणून वर्धा खोऱ्याचा कोळसा संपला असे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी बल्लारपूर येथे खाण निघाली. पुढे घुग्घुस, माजरी, राजूर, वणी, राजुरा, चंद्रपूर असा हा पट्टा विस्तारत गेला. नागपूर जिल्ह्यात कामठी व उमरेड येथेही कोळसा निघू लागला. १९७३ साली देशातील या प्रकारच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली कोल इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि विदर्भातील खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या तिच्या शाखेकडे आल्या. खाजगी मालकांच्या काळी कामगारास नोकरीची शाश्वती नसे. राष्ट्रीयीकरणानंतर नियमित वेतन, निवास, औषधोपचार आणि मुलांचे शिक्षण यांची व्यवस्था पुष्कळ सुधारली. खाणीतली नोकरी ही आता प्रतिष्ठेची नोकरी समजली जाऊ लागली.

कोळशापाठोपाठ इतर कारखानेही आले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यास वनातील बांबू, नदीचे पाणी आणि जवळचा कोळसा या तिन्ही गोष्टी मिळाल्या. चुनखडी आणि कोळसा एकाच जिल्ह्यात असल्यामुळे सिमेंटचे कारखाने निघाले. १९८० नंतरच्या दशकात चंद्रपूर येथे महाऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. दोन जुने संच बंद केल्यानंतरही त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, एवढे सांगितले म्हणजे मुलांस तुलना कळेल.

पण या भरभराटीची किंमतही त्याच प्रदेशाने दिली. वणी, भद्रावती, राजुरा या तालुक्यांतील काळी कसदार जमीन खुल्या खाणींखाली गेली. गावे उठून दुसरीकडे वसली. खाण खोदताना निघालेल्या मातीचे व दगडांचे डोंगर उभे राहिले. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूरचे नाव वरच्या क्रमांकात होते. वीज मुंबई-पुण्यास पोचते. धूळ आणि राख मात्र चंद्रपुरातच राहते.

अस्त कशामुळे होतो?

‘खाणीतील माल संपला म्हणजे खाण बंद होते’ असे मुले सहज सांगतील. ते खरे असले तरी पुरेसे नाही. खाणप्रदेशाच्या अस्तास निदान चार कारणे असतात, आणि ती स्वतंत्रपणे किंवा एकत्र काम करतात.

पहिले कारण खोलीचे. आरंभी वरवरचा, सहज हाती येणारा कोळसा काढला जातो. मग अधिक खोल जावे लागते. भूमिगत खाणीत छत पडू नये म्हणून कोळशाचेच जाड खांब जागोजाग सोडावे लागतात. पाणी उपसावे लागते. हवा खेळती ठेवावी लागते. कोळसा खाली शिल्लक असतो, परंतु तो काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो. तेव्हा खाण ‘संपली’ असे आपण म्हणतो. वर्धा खोऱ्यातील कोळशात ओलावा अधिक असून हवा लागताच आपोआप तापून पेट घेण्याचीही त्याची प्रवृत्ती आहे. यामुळे तेथील जुन्या भुयारांची निगा राखणे कठीण जाते.

दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. वरोऱ्याची खाण रेल्वेसाठी निघाली. पुढे रेल्वेनेच कोळसा सोडला. १९७२ साली आपल्या देशात वाफेची इंजिने बनविणे थांबले आणि १९९५ साली मोठ्या मापाच्या रुळांवरील वाफेच्या इंजिनांचा वापर संपला. वीजकेंद्रे वाढली नसती तर रेल्वेच्या पाठोपाठ कोळशाच्या पट्ट्यासही तेव्हाच उतरती कळा लागली असती.

तिसरे कारण यंत्रांचे. हे कारण शिक्षकांनी विशेष स्पष्ट करावे, कारण येथे उत्पादन वाढते आणि रोजगार घटतो. कोल इंडियाच्या पहिल्या वर्षी तिच्या खाणींतून सुमारे ८ कोटी टन कोळसा निघाला. २०२४-२५ साली सुमारे ७८ कोटी टन निघाला. याच काळात तिच्या कामगारांची संख्या मात्र एके काळच्या सहा लाखांहून अधिक या आकड्यावरून अडीच लाखांच्या खाली आली. पूर्वी शेकडो माणसे भुयारात उतरून जे काम करीत, ते आता खुल्या खाणीत मोठी यंत्रे आणि थोडे चालक करतात. कोळसा भरपूर आणि काम थोडे, अशी ही अवस्था आहे. प्रदेशाचा अस्त कधी कधी उत्पादनाच्या ऐन भरतीत सुरू होतो, तो असा.

चौथे कारण धोरणाचे. कोळसा जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू निघतो व त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढते, हे आता सर्वमान्य झाले आहे. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक परिषदेत २०७० पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ साली १०० कोटी टनांच्या पुढे गेले आहे, म्हणजे आज उतार दिसत नाही; परंतु पुढचा मार्ग ठरलेला आहे. आज पहिलीत बसलेले मूल २०७० साली पन्नाशीत असेल. हा हिशेब त्याच्या हयातीतील आहे.

वेल्सची साक्ष

हा उतार पूर्ण उतरलेला देश पाहावयाचा असेल तर ब्रिटनकडे पाहावे. १९१३ साली तेथे सुमारे २९ कोटी टन कोळसा निघाला आणि दहा लाखांहून अधिक माणसे खाणीत काम करीत होती. वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यात १८५१ च्या सुमारास हजार-दोन हजार मेंढपाळ व शेतकरी राहत. १९११ साली तेथील लोकसंख्या दीड लाखावर गेली. अरुंद खोऱ्यात घरांच्या रांगा, प्रार्थनामंदिरे, कामगारांनी वर्गणी काढून चालविलेली वाचनालये असे एक संपन्न लोकजीवन तेथे फुलले. मग तेल आले, वायू आला, परदेशचा स्वस्त कोळसा आला. १९८४-८५ सालचा खाणकामगारांचा वर्षभराचा संप निष्फळ ठरला आणि खाणी भराभर बंद झाल्या. ऱ्होंडामधील शेवटची खाण १९९० साली मिटली. ब्रिटनमधील शेवटची खोल खाण २०१५ साली आणि कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.

वेल्सचा इतिहास शिक्षकांनी आणखी एका कारणासाठी जाणून घ्यावा. तेथील ॲबरफॅन या गावी खाणीतून निघालेला टाकाऊ माल डोंगरउतारावर रचीत. त्यांपैकी एक ढीग नैसर्गिक झऱ्यांवर रचला होता. पावसाने भिजलेला तो ढीग २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी नऊनंतर घसरला आणि उताराखालच्या प्राथमिक शाळेवर कोसळला. मुले नुकतीच वर्गांत बसली होती. १४४ माणसे दगावली. त्यांत ११६ मुले होती. ढिगाच्या धोक्याविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. पुढील चौकशीत खाणी चालविणाऱ्या सरकारी मंडळावर जबाबदारी ठेवण्यात आली. खाणीचा माल पाहणारे पुष्कळ असतात. खाणीच्या ढिगाकडे पाहणारा कोणी नसला म्हणजे काय होते, हे ॲबरफॅनने जगास शिकविले.

आपल्या देशातही असे घडले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेले पाणी अचानक घुसले आणि तीनशेंहून अधिक कामगार बुडाले. बंद झालेली खाण मेलेली नसते. तिच्यातले पाणी, वायू आणि पोकळी पुढील पिढीची वाट पाहत असतात.

मागे काय उरते?

वरील सर्व उदाहरणे एकत्र ठेवली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. खाणीचा अस्त अटळ आहे. प्रदेशाचा अस्त अटळ नाही. खाण चालू असताना तिच्या मिळकतीतून दुसरे काय उभे केले, यावर प्रदेशाचे भवितव्य ठरते. वरोऱ्यास रेल्वे उरली. बल्लारपुरास कोळशाखेरीज बांबू आणि नदी होती. ऱ्होंडामध्ये मात्र खाणीखेरीज दुसरा आधार फारसा नव्हता. म्हणून खाणी गेल्या तशी तेथील तरुण माणसेही कामासाठी बाहेर पडली. तरुण गाव सोडतात तेव्हा शाळेचा पट घटतो. प्राथमिक शिक्षकास प्रदेशाचा अस्त सर्वांच्या आधी आपल्या हजेरीपत्रकात दिसतो, असे म्हणावयास हरकत नाही.

शासनानेही या बाबतीत अनुभवाने काही नियम केले आहेत. २००९ साली केंद्र सरकारच्या कोळसा मंत्रालयाने प्रत्येक खाणीसाठी ती बंद करण्याची योजना आधीच आखण्याचे आणि त्यासाठी निधी वेगळा ठेवण्याचे बंधन घातले. २०१५ सालच्या कायद्याने खाणींनी बाधित झालेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. खाणधारकाने ठरावीक रक्कम त्यात भरावयाची आणि ती बाधित गावांच्या पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या कामांवर खर्च व्हावयाची, अशी ही योजना आहे. या तरतुदी कोळशापुरत्या नाहीत. बॉक्साइटच्या खाणीसही खनिज प्रतिष्ठानचा नियम लागू होतो. ग्रामसभेत या गोष्टींची चौकशी करावयाची तर गावात कोणास तरी त्या ठाऊक असाव्या लागतात, आणि खेड्यात ती अपेक्षा बहुधा शिक्षकाकडूनच केली जाते.

आपल्या तालुक्याकडे पाहताना

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या परिसरात बॉक्साइटचे उत्खनन झाले आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना आणि त्यापासून ॲल्युमिनियम तयार होते, व ते भांड्यांपासून विमानापर्यंत सर्वत्र लागते. म्हणून खाण ही वाईटच वस्तू होय असे मुलांच्या मनावर बिंबविणे योग्य नव्हे. खाणीने मजुरी मिळते, रस्ते होतात, मालवाहतुकीस काम मिळते. जे घर त्या मजुरीवर चालते त्या घरातील मूलही आपल्याच वर्गात बसलेले असते, हे विसरू नये.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जांभ्याचे सडे वरून उजाड दिसतात. पण सच्छिद्र जांभ्यात पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून सावकाश बाहेर पडते. पावसाळ्यानंतर कित्येक वाड्यांची तहान याच झऱ्यांवर भागते. सड्याचा माथा खरवडला गेला तर खनिजाबरोबर पाण्याचे हे भांडेही जाण्याची भीती असते. शिवाय हा मुलूख जैवसंपत्तीच्या दृष्टीने असाधारण आहे. दाजीपूरचे गव्यांसाठीचे अभयारण्य १९५८ साली घोषित झाले. ते राज्यातील पहिले होय. पुढे १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत त्याचा समावेश झाला.

या संदर्भात राधानगरीचे धरण हा सर्वांत चांगला वस्तुपाठ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ साली हे गाव वसविले आणि त्यानंतर भोगावती नदीवर धरणाचे काम सुरू केले. मध्यंतरी बरीच वर्षे खंड पडला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ते पूर्णत्वास गेले. वरोऱ्याची खाण बंद झाली त्याच सुमारास राधानगरीचा पाया घातला गेला, हा योगायोग मुलांस सांगण्यासारखा आहे. खाणीतून काढलेला कोळसा एकदाच जळतो. धरणातील पाणी शेतास मिळते, त्यावर वीज तयार होते आणि पुढच्या मृगात ते पुन्हा भरू लागते. अर्थात धरणासाठीही जमिनी जातात आणि माणसे हलवावी लागतात, हेही प्रामाणिकपणे सांगावे. फरक एवढाच की एक ठेव मोडून खाण्याचा व्यवहार आहे आणि दुसरा व्याजावर जगण्याचा.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा?

या पाठासाठी विशेष साहित्य लागत नाही. पुढील सूचना उपयोगी पडतील.

१. महाराष्ट्राच्या नकाशावर वर्धा, हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर व वणी ही ठिकाणे दाखवावी. वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणारी रेल्वे मुलांकडून रेखाटून घ्यावी आणि ती प्रथम कशासाठी झाली व आज कशासाठी उपयोगी पडते, हे विचारावे.

२. परिसरातील बेसाल्ट, जांभा आणि मिळाल्यास बॉक्साइटचा तुकडा आणावयास सांगून मुलांनी ते वजन, रंग व सच्छिद्रता पाहून ओळखावे. जांभ्याच्या तुकड्यावर पाणी ओतून ते किती मुरते हे पाहावे. झऱ्याचे रहस्य याच प्रयोगाने कळते.

३. गणिताच्या तासास असे कल्पित उदाहरण घालावे : एका खाणीत १ कोटी टन खनिज आहे. दरसाल २ लाख टन काढल्यास ती किती वर्षे पुरेल? यंत्रे आणून दरसाल ५ लाख टन काढल्यास किती वर्षे? पहिले उत्तर ५० आणि दुसरे २० येईल. मग विचारावे, ‘आज तू दहा वर्षांचा आहेस, खाण संपेल तेव्हा तुझे वय काय असेल आणि तेव्हा तू कोणते काम करशील?’ मुलांच्या उत्तरांत घाई करू नये. पाठाचे मर्म येथेच आहे.

४. वरच्या वर्गातील मुलांनी गावातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारून एक टाचण करावे : गावातील झरे कोणते, ते कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, पूर्वी किती वाहत असत, पोटापाण्यासाठी गावाबाहेर किती घरांतील माणसे गेली आहेत. टाचणात कोणावर दोषारोप नको; फक्त नोंद असावी. असे टाचण शाळेत दरवर्षी जतन केल्यास काही वर्षांत ते गावाचा मौल्यवान दप्तरऐवज होईल.

५. पाठाच्या शेवटी ‘खाण हवी की नको?’ असा वाद घालू नये. त्याऐवजी ‘खाण निघाली तर ती चालू असताना गावाने काय उभे करून घ्यावे?’ असा प्रश्न द्यावा. शाळा, पाणी, झाडे, एखादा जोडधंदा, मुलांचे पुढील शिक्षण अशी उत्तरे मुले आपण होऊन देतील.

जमिनीखालचे धन काढावे किंवा न काढावे, हा निर्णय शासन आणि लोक मिळून घेतील. त्या निर्णयात ज्यांचा आवाज उद्या उमटावयाचा आहे, ती मुले आज आपल्यासमोर पाटावर बसली आहेत. वरोऱ्याची खाण किती वर्षे चालली, वेल्समध्ये ढिगाखाली कोणाची शाळा होती आणि आपल्या सड्यावरचे पाणी कोणत्या झऱ्यात उतरते, एवढे तीन प्रश्न जरी त्यांच्या स्मरणात राहिले, तरी त्यांच्यासमोर उद्या कोणी खनिजाचा करार ठेवला तर तो ती वाचल्यावाचून त्यावर अंगठा उठविणार नाहीत.